दुःख दाखवले, मार्ग कोण दाखवणार?

डोंबिवली स्थानकाबाहेर, पूर्वेला असो की पश्चिमेला, सकाळच्या लोकलच्या वेळी पानटपरीकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. गिऱ्हाईक पाकीट मागत नाही, एक सिगारेट मागते. टपरीवाला पाकिटातून एक काढून देतो, दोरीला बांधलेल्या लायटरवर ती पेटते, चार झुरके होतात आणि माणूस जिन्याकडे धावतो. ज्या पाकिटावर पुढून-मागून ८५ टक्के जागेत कर्करोगाने सडलेल्या अवयवाचे चित्र आणि धोक्याचा मजकूर छापणे सरकारने सक्तीचे केले, ते पाकीट राहते टपरीवाल्याच्या फळीवर. इशारा पोचतो विकणाऱ्याला. ओढणाऱ्याला मिळतो तो फक्त धूर. नाक्यावर कामाची वाट पाहणारा बिगारी, एमआयडीसीतून पाळी सुटलेला कंत्राटी कामगार, रांगेत उभा असलेला रिक्षावाला, भल्या पहाटे शहराचा कचरा उचलून आलेला सफाई कामगार, या सर्वांची हीच गत आहे. ही माणसे कोण, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ती आपलीच आहेत.

म्हणूनच तंबाखूवरच्या इशाऱ्याचा प्रश्न आम्हाला केवळ आरोग्यखात्याचा प्रश्न वाटत नाही. पाकिटावरचे चित्र पाहून कोणी तंबाखू सोडतो का, असा सवाल नेहमी विचारला जातो. काही जण म्हणतात, चित्र पाहून कोणी सुधारत नाही, हा सारा सरकारी देखावा आहे. दुसरे म्हणतात, सरकारने इतके भयंकर चित्र छापूनही जो ओढतो त्याने आपल्या कर्माची फळे भोगावीत. आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत. इशारा काम करतो, याला पुरावा आहे. पण तो अर्धेच काम करतो आणि उरलेले अर्धे काम करायला कोणी पुढे येत नाही. त्यातही जो जितका गरीब, तितका इशारा त्याच्यापर्यंत कमी पोचतो. आमच्या मते खरा प्रश्न हा आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. भारतात तंबाखूच्या इशाऱ्याचा पहिला केंद्रीय कायदा १९७५ साली झाला. तो फक्त सिगारेटला लागू होता. पाकीट इंग्रजीत, म्हणून इशाराही बहुधा इंग्रजीत आणि तोही मुंगीएवढ्या अक्षरांत. बिडीला हा कायदा लागूच नव्हता. तोंडात धरायच्या तंबाखूला १९९० साली अन्नभेसळीच्या नियमांतून कसाबसा एका ओळीचा इशारा मिळाला. म्हणजे ज्याला इंग्रजी वाचता येते आणि पूर्ण पाकीट परवडते, अशा सुशिक्षित बाबूला सरकारने सावध केले. बिडी ओढणाऱ्या गिरणी कामगाराला, हमालाला, शेतमजुराला मात्र काहीही सांगितले नाही. या देशात ज्याच्या वाट्याला अक्षर आले नाही, त्याच्या वाट्याला इशाराही आला नाही. ज्ञानबंदीचा हा आधुनिक अवतार पुढे चौतीस वर्षे चालला, याची नोंद कोणत्याही व्यसनमुक्तीच्या पुस्तकात कोणी ठळकपणे केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

२००३ साली सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांचा नवा कायदा आला आणि त्यात प्रथमच बिडी, जर्दा, गुटखा हे सर्व एका छत्राखाली आले. २००४ साली भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर शिक्कामोर्तब केले. २००६ साली चित्ररूप इशाऱ्याचे नियमही निघाले. त्यानंतर मात्र कंपन्यांनी दिल्लीत असा काही जोर लावला की अंमलबजावणीची तारीख सारखी पुढे जात राहिली. पाकिटाच्या दोन्ही बाजूंवर निम्म्या जागेत येणारा इशारा आक्रसत आक्रसत समोरच्या बाजूवर ४० टक्क्यांवर आला. अखेर ३१ मे २००९ रोजी चित्र छापले गेले, पण कसले? सिगारेट-बिडीवर खराब झालेल्या फुफ्फुसाचे चित्र आणि तोंडाच्या तंबाखूवर चक्क विंचू. विंचू पाहून माणसाला तोंडाचा कर्करोग कसा आठवावा? जणू कळू नये अशाच बेताने सांगितल्यासारखा हा प्रकार होता. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. निरक्षर माणसाला स्वतः वाचता येईल असा इशारा प्रथम आला तो चित्राच्या रूपानेच. म्हणून चित्राची टिंगल करणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही.

चित्र जर निरुपयोगी असते तर कंपन्यांनी त्याविरुद्ध इतका आटापिटा केला नसता. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने ८५ टक्के जागेत इशाऱ्याची अधिसूचना काढली. ती १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायची होती. तेवढ्यात एका संसदीय समितीने ती रोखून धरण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष होते आपल्याच अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असे दाखवणारे भारतीय संशोधन नाही, असे विधान त्यांनी केले. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात एक तास उभे राहिले असते तर त्यांना संशोधन चालता-बोलता दिसले असते. याच महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हेही होते, आणि त्यांचा स्वतःचा मोठा बिडीचा धंदा होता. ज्याचा माल विकायचा त्यानेच त्यावरच्या इशाऱ्याचे माप ठरवायचे, हा न्याय फक्त आपल्याकडेच शोभतो. शेवटी १ एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के इशारा आला. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, तर जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि इशारा टिकला. इतके रामायण घडले, कारण चित्र कंपनीच्या गल्ल्याला हात घालते.

आता पुरावा पाहू. केंद्र सरकारच्या प्रौढांमधील तंबाखू सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या झाल्या, पहिली २००९-१० मध्ये आणि दुसरी २०१६-१७ मध्ये. पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला का, असे दोन्ही वेळा विचारले गेले. पहिल्या वेळी सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी हो म्हटले होते, दुसऱ्या वेळी ६१.९ टक्के. बिडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण २९.३ वरून ५३.८ टक्क्यांवर गेले. तोंडाची तंबाखू खाणाऱ्यांत ३३.८ वरून ४६.२ टक्के झाले. याच काळात देशातल्या प्रौढांमध्ये तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण ३४.६ वरून २८.६ टक्क्यांवर, तर महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आले. ही घट केवळ चित्रामुळे झाली असे आम्ही म्हणणार नाही. कर वाढले, २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, शाळांतून प्रचार झाला. परंतु सात वर्षांत चित्र मोठे झाले आणि सोडण्याचा विचार करणाऱ्यांची संख्या वाढली, हे आकडे डोळ्यांआड करता येणार नाहीत. कॅन्सरवाले नको, दुसऱ्या चित्राचे पाकीट दे, असा विनोद टपरीवर चालतो. आमच्या मते तो विनोदही पुरावाच आहे. जो चित्रापासून नजर चुकवतो, त्याच्या मनात चित्र आधीच पोचलेले असते.

परंतु हेच आकडे उतरंडीसारखे लावून पाहा. सर्वांत वर सिगारेटवाला, त्याच्या खाली बिडीवाला, तळाशी चुना-तंबाखू मळणारा. इशारा ज्याच्या मनाला सर्वांत जास्त भिडला तो वरचा, आणि ज्याला सर्वांत कमी भिडला तो तळातला. कारण उघड आहे. सिगारेटचे पाकीट सपाट आणि चकचकीत असते, त्यावर चित्र ठसठशीत उठते. बिडीचा कट्टा निमुळता आणि त्याचा कागद पातळ, त्यावर चित्र चुरगळते, पुसट होते. मावा तर टपरीवर घोटून साध्या प्लास्टिकमध्ये बांधून मिळतो, त्यावर कसला आलाय इशारा? आणि महाराष्ट्राचा खरा रोग धूर नाही, तोंडातली गोळी आहे. दुसऱ्या सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तोंडाची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. म्हणजे जिथे रोग सर्वांत मोठा, तिथेच इशारा सर्वांत दुबळा.

त्यात आपल्या आयाबहिणींचा विचार तर कोणी करतच नाही. राज्यातल्या १६.६ टक्के प्रौढ स्त्रिया तोंडाची तंबाखू वापरतात, असे तेच सर्वेक्षण सांगते. वस्तीतल्या कितीतरी घरांत तव्यावर तंबाखू भाजून मशेरी तयार होते आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ दातांना लागते. घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर कोणते सरकार चित्र छापणार? मशेरीला व्यसन म्हणायलाही घरात कोणी तयार नसते, ती दात घासण्याची वस्तू मानली जाते. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, मशेरी व तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची आढळली. आधीच आईला पुरेसे अन्न नाही, त्यात बाळाचे शंभर ग्रॅम वजन तंबाखूने खाल्ले. आमच्या घरातल्या पुढच्या पिढीची सुरुवातच अशी एक पाऊल मागून होते, याची जाणीव त्या माउलीला कोणी करून दिली?

सुट्या विक्रीचा प्रश्न सरकारला माहीत नव्हता असेही नाही. २४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यावर बंदी घातली.  सुटी घेणाऱ्याला इशारा दिसत नाही, हेच कारण सरकारने दिले होते. निर्णय योग्यच होता. परंतु आदेश काढला म्हणजे काम झाले, या समजुतीत आपली प्रशासने वाढलेली आहेत. डोंबिवलीतच काय, राज्यातल्या कोणत्याही स्थानकाबाहेर सुटी सिगारेट आजही मागितली की मिळते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा २००३ च्या कायद्याचा नियम तर याहून जुना आहे. फळकुटावर नियम लिहायचा आणि फळकुटाखाली माल विकायचा, अशी ही रीत आहे.

पाटी लावून जबाबदारी झटकण्याची रीत डोंबिवलीकरांना नवी नाही. इथल्या एमआयडीसीत धोक्याच्या पाट्या काय कमी होत्या? तरी २६ मे २०१६ रोजी प्रोबेसचा स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजी अमुदानचा. कामगार मेले, आसपासच्या वस्त्यांच्या काचा फुटल्या. धोका आहे एवढे सांगितले की सांगणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही, तिथून ते सुरू होते, हे या शहराने दोनदा अनुभवले आहे. तंबाखूच्या पाकिटाचेही तसेच आहे. सरकारने धोक्याची पाटी लावली आणि बाकीचे ओझे ओढणाऱ्याच्या डोक्यावर ठेवले. तू पाहिलेस, तुला कळले, आता मेलास तर तुझा तू.

सर्वेक्षणाचे आकडे पुन्हा पाहा म्हणजे आमचे म्हणणे पटेल. इशारा पाहून निम्म्याहून अधिक बिडी-सिगारेटवाल्यांच्या मनात सोडण्याचा विचार आला. प्रत्यक्षात मागच्या बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केला तो ३८.५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ३३.२ टक्के तंबाखू खाणाऱ्यांनी. हेही थोडे नाहीत. दर तिघांतला एक जण धडपडतो आहे. मग तो पुन्हा का पडतो? कारण त्याला धरायला हात नाही. तंबाखू खाणारे जे लोक त्या वर्षी दवाखान्यात गेले, त्यांच्यापैकी जेमतेम ३१.७ टक्के लोकांना डॉक्टरने सोडण्याचा सल्ला दिला. म्हणजे तिघांतल्या दोघांना डॉक्टर त्याबद्दल बोललाही नाही. पाकीट बोलले, डॉक्टर गप्प राहिला.

येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांविषयीच प्रश्न उपस्थित केला. सारे जीवनच दुःख आहे एवढेच सांगणारा धम्म माणसाला निराशेकडे नेईल, मग त्यात माणसाला आशा कुठली, ही त्यांची चिंता होती. म्हणून बाबासाहेबांनी उभा केलेला बुद्ध दुःखाचे अस्तित्व मान्य करतो आणि त्याच श्वासात दुःख नाहीसे करण्याचा मार्ग दाखवतो. या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच तो धम्म. पाकिटावरचे चित्र याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. ते दुःख दाखवते, दुःखाचे कारणही सांगते. त्यापुढे ते थांबते. मार्ग नसलेले भय माणसाला बदलत नाही, ते त्याला बधिर करते. भीती वाटली आणि उपाय दिसला नाही की माणूस भीतीकडे पाठ फिरवतो, आपल्याला काही होत नाही, आमचा आजा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होता, असे म्हणून स्वतःची समजूत घालतो. यात त्याचा मूर्खपणा नाही, मनाचा तो धर्मच आहे.

भुसावळच्या मुकेशचे उदाहरण घ्या. गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेला हा तरुण २००९ साली टाटा रुग्णालयात अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याची चित्रफीत चित्रपटगृहांतून देशभर दाखवली गेली. आधी लोक हळहळले, मग सवयीचे झाले आणि शेवटी त्याच्या नावाने थट्टा सुरू झाली. गरीब घरातल्या मुलाचे मरण पॉपकॉर्न खात हसण्याचा विषय झाले. यात जनतेइतकाच दोष तेच तेच भय दाखवत राहणाऱ्यांचा आहे. चित्र ठरावीक काळाने बदलावे लागते ते यासाठीच. आणि भयाच्या शेजारी हातही दिसावा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर सोडण्यासाठी मदतीचा १८००-११-२३५६ हा नि:शुल्क क्रमांक छापला जाऊ लागला, ही या साऱ्या इतिहासातली आम्हाला सर्वांत मोलाची सुधारणा वाटते. दुःखाच्या चित्राशेजारी प्रथमच मार्गाची एक पाऊलवाट उमटली. परंतु सुटी घेणाऱ्याला चित्र दिसत नाही, तसा क्रमांकही दिसत नाही. मावा खाणाऱ्याला तर दोन्ही नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे सारे मान्य, पण माणसाने मन घट्ट करायला काय हरकत आहे? या उपदेशकांनी एकदा तुंबलेल्या गटारावर जाऊन उभे राहावे. तोंडात तंबाखू धरल्याशिवाय तिथला वास सोसवत नाही, असे सफाई कामगार सांगतात. दोन पाळ्या सलग करणारा कामगार झोप आणि भूक मारण्यासाठी बिडी पेटवतो. ज्यांनी माणसावर असली कामे लादली, त्यांनीच त्याच्या व्यसनावर प्रवचन द्यावे, हा ढोंगीपणा आहे. व्यसन हा आमच्या माणसाच्या चारित्र्याचा डाग नाही, त्याच्या कष्टाच्या परिस्थितीतून ते आले आहे आणि निकोटीनने ते शरीरात पक्के केले आहे. पण म्हणून ते तसेच राहू द्यायचे, असाही याचा अर्थ नाही. परिस्थितीने दिलेली बेडी तोडायची असते, मिरवायची नसते.

बिडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न पुढे करून इशाऱ्याला विरोध करणारेही आहेत. त्यांना आम्ही बाबू हरदास यांचे स्मरण करून देऊ इच्छितो. ‘जय भीम’ हे अभिवादन ज्यांनी रुजवले ते कामठीचे हरदास एल. एन. बिडी कामगारांचे संघटक होते. मध्य प्रांतात त्यांनी बिडी मजुरांचा संघ उभारला, १९३७ साली ते प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ मध्ये पस्तिसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले. बिडी वळणाऱ्या हातांची काळजी काय असते हे आमच्या चळवळीला मालकांनी शिकवायचे कारण नाही. मालकांना कामगारांचा खरोखर कळवळा असता तर २०१७ साली जीएसटीबरोबर बिडी कामगार कल्याणाचा उपकर रद्द झाला तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला असता. तो आला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. एका हाताने बिडीवर मरणाचे चित्र छापायचे, दुसऱ्या हाताने तिच्यावरचा कर उतरवायचा. जीवनाचा विमा उतरवणारी सरकारी एलआयसी सिगारेट विकणाऱ्या आयटीसीची मोठी भागधारक आहे, हे तर आता कोणाला नवलही वाटत नाही. बिडी स्वस्त ठेवून कामगार जगत नाही. त्याला दुसरा धंदा, दुसरे कौशल्य आणि मुलांना शिष्यवृत्ती द्या, म्हणजे तो जगेल.

तेव्हा शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सुट्या विक्रीवरच्या बंदीचा अंमल करा, मात्र त्याच्या नावाखाली फूटपाथवरच्या गरीब टपरीवाल्याला हप्त्यासाठी छळू नका. जाब वितरक आणि कंपनीला विचारा. प्रत्येक टपरीवर, जिथे माल ठेवला जातो तिथेच, चित्र आणि मदतीचा क्रमांक मराठीत मोठ्या अक्षरांत लावायला भाग पाडा, म्हणजे सुटी घेणाऱ्यालाही तो दिसेल. कल्याण-डोंबिवली महापालिकेने डोंबिवलीच्या शास्त्रीनगर आणि कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयांत तंबाखू सोडवण्याचा विभाग नावापुरता न ठेवता, संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसाला येता येईल अशा वेळी चालवावा. केसपेपर काढताना प्रत्येकाला तंबाखूबद्दल विचारावे आणि तोंड तपासावे. सफाई कामगारांच्या तपासणीपासून याची सुरुवात व्हावी, मग ते कायम असोत की कंत्राटी. निकोटीनची गोळी-च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण ती रोजंदारीवाल्याला परवडत नाही. ती मोफत द्यावी. एका कर्करोग्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

शासनाकडे मागणी करून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या समाजालाही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्रिशरण-पंचशील म्हणताना आपण पाचवे शील रोज उच्चारतो. दारू सोडलेले कितीतरी उपासक तंबाखू मात्र खिशात बाळगतात आणि विचारले तर सांगतात, याने कुठे झिंग येते, शीलात तंबाखूचे नाव कुठे आहे? आम्ही त्यांना नम्रपणे विचारतो, शीलाचा हेतू काय? माणसाने सावध राहावे, स्वतःचा स्वामी असावे, हाच ना? जी पुडी सकाळी सापडली नाही तर हात थरथरतात आणि घरच्यांवर डोळे वटारले जातात, ती पुडी तुमची मालकीण आहे. धर्मांतराने ज्यांनी हजारो वर्षांची मालकी झुगारली, त्यांनी पुडीची मालकी का सोसावी? आणि पैशाचा हिशेबही करा. रोजचे चाळीस रुपये धरले तरी वर्षाला १४,६०० रुपये होतात. एवढ्या पैशांत मुलाचा क्लास होतो, मुलीची पुस्तके येतात.

आमची एक सूचना आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. रोज संध्याकाळी तीच माणसे एकत्र जमतात. हे तीन महिने तंबाखू सोडण्यासाठी याहून योग्य काळ नाही. डॉक्टर सांगतात की सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ आली तरी ती काही मिनिटांत ओसरते, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ पुष्कळ मंदावते. त्या पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी ‘आज कसे गेले’ असे विचारणारे चार जण भेटले तर माणूस तरून जातो. एखादा दिवस घसरला तर त्याला हसू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवावे, कारण बहुतेक जण पहिल्याच प्रयत्नात सुटत नाहीत. महिला मंडळांनी मशेरीचा विषय हाती घ्यावा, कारण तो पुरुषांच्या भाषणाने सुटणार नाही. वस्तीतल्या डॉक्टर, परिचारिका, आशा ताईंना महिन्यातून एकदा विहारात बोलवून तोंडाची तपासणी करावी. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारा व्रण, तोंड पूर्ण न उघडणे, ही लक्षणे लवकर ध्यानात आली तर जीव वाचतो. भिंतीवर, ग्रंथवाचनाच्या वेळापत्रकाशेजारी, १८००-११-२३५६ हा क्रमांक लिहून ठेवावा. आणि जयंती मंडळांनी गुटखा-पानमसाल्याच्या पैशाचा एकही फलक बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी लावू देऊ नये.

पाकिटावरचे चित्र हे सरकारने दिलेले अर्धे औषध आहे. ते फेकून द्यायचे नाही, कारण तेही लढून मिळाले आहे. पण त्या चित्राने हललेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारात जाईल, हा प्रश्न कंपनी विचारणार नाही, सरकार विचारायला कंटाळते, डॉक्टरला वेळ नाही. ते दार विहाराचे असले पाहिजे, शाखेचे असले पाहिजे, संघटनेच्या कार्यालयाचे असले पाहिजे. दुःख दाखवणारे पुष्कळ झाले. मार्ग दाखवणे हे तथागतांचे आणि बाबासाहेबांचे काम होते, आणि त्यांच्या अनुयायांना ते टाळता येणार नाही. येत्या आषाढी पौर्णिमेला प्रत्येक विहारातून निदान पाच माणसे पुडी खाली ठेवतील, एवढा संकल्प आपण करू या.

जय भीम!